वाचकांचे प्रश्न : वारीतली गर्दी

आषाढी जवळ आली की या सदराकडे येणारी पत्रे बहुतेक गर्दीचीच असतात. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

आम्ही पाच नोकरदार मित्र पहिल्यांदाच माउलींच्या पालखीसोबत चालणार आहोत. रजा चारच दिवसांची आहे. कुठून सामील झालो तर गर्दीचा त्रास कमी होईल?
*– एक वाचक, जुळे सोलापूर*

आधी पालखीचा दिनक्रम समजून घ्या. आपल्या सोलापूर जिल्ह्यात माउलींची पालखी धर्मपुरीला येते. पुढचे मुक्काम साधारण असे : पंचमीला नातेपुते, षष्ठीला माळशिरस, सप्तमीला वेळापूर, अष्टमीला भंडीशेगाव, नवमीला वाखरी आणि दशमीला पंढरपूर. तिथीच्या क्षय-वृद्धीमुळे एखादा दिवस मागेपुढे होतो, म्हणून त्या वर्षीचे वेळापत्रक हातात घेऊनच रजेचा अर्ज टाका.

वाखरीला तुकोबारायांच्या पालखीसह इतर संतांच्या पालख्या एकत्र येतात. वाखरी ते पंढरपूर अंतर दहा किलोमीटरसुद्धा नाही, पण सगळ्या वारीतली सर्वांत दाट गर्दी याच टप्प्यात असते. अनेकजण रजा वाचवण्यासाठी नेमके नवमी-दशमीचे दोन दिवस निवडतात आणि मग वारी म्हणजे नुसती रेटारेटी असे मत घेऊन घरी येतात. तुम्ही षष्ठीला माळशिरस गाठा, सप्तमी आणि अष्टमीला पूर्ण चाला आणि नवमीला वाखरीपर्यंत जा. माळशिरस–वेळापूर आणि वेळापूर–भंडीशेगाव हे टप्पे प्रत्येकी वीस किलोमीटरच्या आसपास आहेत. चालायला जागा मिळते, भजन कानावर पडते, आजूबाजूच्या माणसांशी बोलता येते.

माळशिरसला पोचणे हीच पहिली परीक्षा. पंढरपूर–वेळापूर मार्गावरची वाहतूक त्या दिवसांत वळवलेली असते. टेंभुर्णी–अकलूज मार्गे जायचे तर षष्ठीच्या सुमारास तुकोबारायांची पालखी अकलूजला असते, तिथे रिंगण असते, आणि गाड्या तासन्‌तास अडकतात. सोलापुरातून पहाटेच निघा किंवा आदल्या दिवशीच पोचा. स्वतःची गाडी मुळीच नेऊ नका. ती लावायला जागा मिळत नाही आणि परतताना ती जिथे असते तिथे तुम्ही नसता.

आता कुठे चालायचे ते. रथाच्या पुढच्या आणि मागच्या दिंड्यांना क्रमांक असतात. त्यांच्या ओळीत पताकावाले, टाळकरी, मृदंगी, विणेकरी, तुळशी-हंडेवाल्या महिला असा क्रम ठरलेला असतो. मोबाइल उंच धरून त्या ओळीत शिरणे चूक आहे. टाळकऱ्यांची पावली बिघडते आणि धक्काबुक्कीची सुरुवात बहुधा तिथूनच होते. एखाद्या दिंडीत जागा मिळवता आली तर उत्तम. त्यासाठी महिनाभर आधी दिंडीप्रमुखांशी बोला. भिशी, म्हणजे दिंडीत राहण्या-जेवणाचे पैसे, किती आणि त्यात काय काय धरले आहे ते स्पष्ट विचारा : दोन्ही वेळचे जेवण, चहा, तंबूतली जागा, सामानाचा ट्रक. ट्रक पहाटे सुटण्याआधी पिशवी चढली पाहिजे, नाही तर दिवसभर ती तुमच्या खांद्यावर.

दिंडी नसेल तर तुम्ही ‘मोकळ्या समाजात’. मग पहाटे चारच्या आत निघा. रथाच्या तीन-चार किलोमीटर पुढे राहिलात तर रस्ता मोकळा, चहाच्या टपरीवर रांग नाही आणि शौचालय त्यातल्या त्यात स्वच्छ. दुपारच्या विसाव्याचे गाव मात्र रथ पोचण्यापूर्वी एक तास सोडा, कारण विसाव्यावर मागची गर्दी पुढच्या गर्दीवर येऊन थांबते. पादुकांचे दर्शन चालत्या रथाशी लगट करून घेऊ नका. मुक्कामाच्या तळावर समाजआरती झाल्यानंतर, रात्री उशिरा, रांग बरीच ओसरते.

आईचे वय 68. गुडघे दुखतात, पण रिंगण बघायचेच म्हणते. न्यावे का?
*– एक वाचक, बार्शी*

जरूर न्या, फक्त जागा आणि वेळ नीट निवडा. माळशिरसच्या अलीकडे पुरंदावडे-सदाशिवनगर इथे, वेळापूरच्या वाटेवर खुडूस फाट्याला आणि पुढे ठाकूरबुवांच्या समाधीजवळ गोल रिंगण होते. वाखरीजवळचे बाजीरावाच्या विहिरीचे रिंगण सर्वांत गर्दीचे, ते टाळा. रिंगणाच्या मैदानावर दोन तास आधी पोचा. अश्व ज्या बाजूने आत आणतात ती बाजू सोडून, पताकांच्या कड्याच्या मागे, शक्यतो जरा उंचवट्यावर बसा. घडीचा हलका स्टूल सोबत असू द्या.

धोका असतो तो अश्व धावून झाल्यानंतर. टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे मैदान एकाच वेळी आत धावते. पुढचा माणूस वाकतो, मागच्याला तो दिसत नाही. आईला त्या वेळी जागेवरून उठूच देऊ नका. दहा मिनिटांनी तीच माती तिथेच असते. पुढे उडीचा खेळ चालू असतो, तेव्हा गर्दी आतल्या बाजूला ओढलेली राहते. बाहेर पडायला तीच वेळ चांगली.

वेळापूरच्या अलीकडच्या उतारावर धावा होतो, म्हणजे वारकरी एकदम धावत सुटतात. तिथे आईसोबत उभे राहायचे तर उताराच्या मध्यावर किंवा पायथ्याशी नको, वरच्या टोकाला आणि रस्त्यापासून चांगले दूर. उतारावर धावणाऱ्याला ऐनवेळी थांबता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी गर्दीत छाती दाबली गेली, श्वास घेता येईना. तेव्हापासून भीती बसली आहे. अशा वेळी काय करावे?
*– एक वाचक, अक्कलकोट*

तुमची भीती रास्त आहे आणि तिच्यावर उपाय आहेत. चेंगराचेंगरीत माणसे तुडवली जाऊन दगावतात असा समज आहे. प्रत्यक्षात बरेच मृत्यू उभ्या उभ्या होतात : चारही बाजूंच्या दाबाने फासळ्या फुलत नाहीत आणि श्वास कोंडतो. म्हणून गर्दीत पहिले राखायचे ते छातीपुढचे वीतभर अंतर.

गर्दी मोजायला शिका. एका चौरस मीटरमध्ये, म्हणजे साधारण एका छोट्या सतरंजीएवढ्या जागेत, दोन-तीन माणसे असतील तर आरामात चालता येते. चार झाली की खांदे घासतात. पाचच्या वर पाऊल कुठे टाकायचे हे तुमच्या हातात राहत नाही. सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी वागते, एका टोकाचा धक्का लाटेसारखा दुसऱ्या टोकाला जातो. दोन खुणा ध्यानात ठेवा. हात वर करून स्वतःच्या चेहऱ्याला लावता येत नसेल, किंवा पाऊल न उचलताही शरीर हेलकावे खात असेल, तर त्या क्षणी बाहेर पडायला लागा. ‘अजून थोडे पुढे जाऊ, मग बघू’ म्हणणारेच अडकतात.

बाहेर पडायची रीत अशी. प्रवाहाच्या उलट कधीही जाऊ नका आणि एका जागी घट्ट उभेही राहू नका. लाट येते तेव्हा तिच्याबरोबर सरका. ती ओसरली की क्षणभर ढिलाई मिळते, तेवढ्यात तिरके एक-दोन पावले कडेच्या दिशेने टाका. पुन्हा लाट, पुन्हा दोन पावले. दोन्ही हात कोपरात दुमडून मुठी छातीपुढे ठेवा. एक पाय किंचित पुढे, गुडघे सैल. पिशवी पाठीवर असेल तर पुढे घ्या. ओरडण्यात श्वास घालवू नका. भिंत, बॅरिकेड, विजेचा खांब आणि उभा ट्रक यांच्यापासून दूर राहा, कारण माणूस थोडा तरी मागे सरतो, भिंत सरत नाही.

चप्पल निसटली, मोबाइल पडला, तरी वाकायचे नाही. हे आधीच मनाशी पक्के करा, कारण त्या क्षणी हात आपोआप खाली जातो. पडलातच तर पालथे किंवा उताणे राहू नका. कुशीवर वळा, गुडघे पोटाशी, हात डोक्याभोवती, आणि संधी मिळताच कुणाच्या तरी हाताला धरून उठा. शेजारी कुणी पडले तर दोघा-तिघांनी पाठीची भिंत करून जागा धरायची, आणखी एकाने उचलायचे.

पावसात छत्री उघडू नका. काड्या नेमक्या शेजाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर येतात, आणि सर आली की शंभर छत्र्या एकदम उघडून वाट निम्मी होते. रेनकोट किंवा मेणकापड घ्या.

नऊ वर्षांचा मुलगा सोबत आहे. चुकला तर?
*– एक वाचक, मोहोळ*

त्याच्या शर्टाच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या पेनाने दोन फोन नंबर आणि दिंडी क्रमांक लिहा. नाव बाहेरून दिसेल असे लिहू नका, कारण अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल विश्वास ठेवते. रोज सकाळी निघण्यापूर्वी त्या दिवशीच्या कपड्यांत त्याचा फोटो काढा.

मोबाइलवर विसंबू नका, वाखरीपासून पुढे नेटवर्क कोलमडते. फोन लागत नसेल तेव्हा साधा संदेश कधी कधी पोचतो. रोज एक भेटीची जागा आणि दोन वेळा ठरवा, उदाहरणार्थ गावची शाळा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सात. मंदिर, रथ आणि नामदेव पायरी या जागा भेटीसाठी ठरवू नका, सगळे तिथेच येतात. चुकल्यावर मुलाने एकाच ठिकाणी थांबायचे आणि तुळशीवाल्या आजींना किंवा पोलिसांना सांगायचे, एवढे दोनच नियम त्याच्याकडून पाठ करून घ्या. तुम्ही 112 ला कळवा, आणि तळावर असाल तर समाजआरतीच्या वेळी हरवल्या-सापडल्याची घोषणा होते, तिथे निरोप पोचवा.

एकादशीला पदस्पर्श दर्शन मिळेल का? मला मधुमेह आहे.
*– एक वाचक, सोलापूर*

आषाढीच्या काळात देवाचा पलंग काढलेला असतो आणि दर्शन चोवीस तास चालते, तरीही रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते आणि कित्येक तास उभे राहावे लागते. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी त्या रांगेत उपाशी उभे राहू नये, हे आम्ही ठामपणे सांगतो. मुखदर्शनाची रांग वेगळी आणि बरीच लवकर सरकणारी असते. नामदेव पायरी आणि कळसाचे दर्शन घेऊन माघारी वळणारे जुने वारकरी आजही पुष्कळ आहेत, त्यांची वारी कुणी अपुरी म्हणत नाही. पदस्पर्शच हवा असेल तर पौर्णिमेचा काला झाल्यानंतर चार-सहा दिवसांनी सोलापुरातून सकाळी जा, संध्याकाळी घरी याल.

उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असू द्या. भगर आणि खिचडी डोळ्यांदेखत गरम वाढलेली असेल तरच घ्या, सकाळची सायंकाळी नको. जुलाब लागले आणि ओआरएसचे पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, थोडे थोडे. तुमची साखर वाढू शकते, म्हणून लगेच वैद्यकीय पथक गाठा. रुग्णवाहिकेसाठी 108.

चंद्रभागेत स्नान कुठे करावे?
*– एक वाचक, मंगळवेढा*

घाटालगत, गुडघाभर पाण्यात, दिवसाउजेडी. पंढरपुरातली चंद्रभागा म्हणजे भीमाच. नीरा नदी नरसिंगपूरला भीमेला मिळते, त्यामुळे पंढरपुरात उजनी आणि वीर या दोन्ही धरणांचे पाणी येते. आपल्याकडे थेंब पडला नसला तरी पात्र फुगू शकते. वाळवंटात वाळू उपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत. भोंग्यावरून सूचना आली की अंगावर ओले कपडे असले तरी वर या.

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जातो. तिथल्या गर्दीलाही हेच लागू आहे का?
*– एक वाचक, रूपाभवानी मंदिर परिसर*

बरेचसे लागू आहे, पण एक मोठा फरक आहे. वारीला मुक्काम असतात. इथे पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपासचे अंतर बहुतेक लोक एका रात्रीत तोडतात. सगळे संध्याकाळी निघतात आणि सगळे पहाटे तुळजापुरात पोचतात, थकलेल्या पायांनी. दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत देवी पलंगावर निद्रेत असते, पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते, म्हणून सगळा ओघ त्याच तिथीला लागतो.

दुपारी ऊन कलल्यावर लगेच निघालात तर तामलवाडीपर्यंतचा निम्मा रस्ता दाटी होण्याआधी संपतो. तिथे दोन तास आडवे व्हा. शेवटी तुळजापूरचा घाट चढायचा असतो, त्यासाठी पाय शिल्लक ठेवा. नवी चप्पल नको, बोटांच्या बेचक्यात खोबरेल तेल लावा आणि फोड आला तर त्याची कातडी कापू नका. रस्ता वाहनांना बंद असला तरी रुग्णवाहिका आणि पोलिसांच्या गाड्या येतात, तेव्हा डावी बाजू सोडू नका आणि पाठीवर चमकणारी पट्टी लावा. परतीची एसटी पहाटे धरू नका, तेव्हा बसच्या दारात जी झुंबड उडते ती मंदिरातल्यापेक्षा वाईट असते. दुपारी बारानंतर बसायला जागा मिळते.