तीन बोटं आणि एक पताशा

प्रश्न : माझे यजमान ५१ वर्षांचे. सियागंजात दुकान आहे. तंबाखू, सिगरेट, दारू काही नाही. गल्ल्यावर बसल्या बसल्या सुपारीचे आठ-दहा पाउच मात्र रोज होतात. दोन वर्षांपासून तिखट सोसत नाही, पोह्यांवर जीरावन मसालासुद्धा नको म्हणतात. परवा सराफ्यात पाणीपताशा, म्हणजे पाणीपुरी, तोंडात मावेना, फोडून खाल्ला. उजव्या गालात आतून पांढरा चट्टा आहे. दाताच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलंय. जाऊबाई म्हणतात, चाकू लागला की कॅन्सर चिघळतो. नुसत्या सुपारीनं कॅन्सर होतो का? तुकडा काढू द्यावा का?
– एक भगिनी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, तुकडा काढू द्या. याच आठवड्यात. तारीख घेऊन या, मग पुढचं वाचा.

रामबागेतल्या दवाखान्यात चौतीस वर्षं मी लोकांना ‘आ करा’ म्हणत आले. तोंड किती उघडतं ते आम्ही मिलिमीटरमध्ये मोजतो, पण आपल्या गावात ते आधी पताशाला कळतं. घरी मोजायचं असेल तर यजमानांना त्यांचीच तीन बोटं एकावर एक धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन गेली तर बरं. दोनच जात असतील तर दुखणं बरंच मुरलंय.

या दुखण्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. गालाचं आतलं मऊ अस्तर हळूहळू चामड्यासारखं ताठ होतं. आतून बोट फिरवलं तर ताणून बांधलेल्या सुतळ्या लागाव्यात तसे पट्टे हाताला लागतात. सुपारीतल्या ॲरेकोलीनमुळे हे तंतू जास्त तयार होतात आणि तिच्यातल्याच तांब्यामुळे ते चिवट होतात. जीरावन नको वाटणं ही त्याची पहिली वर्दी होती. प्रत्येकाला पुढे कॅन्सर होतो असं नाही, पण होतो तो अशाच तोंडात जास्त होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसताना, कॅन्सर नक्की करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलंय.

हे आपल्या लोकांच्या गळी उतरवणं महाकठीण. आपल्याकडे लग्न ठरतं ते सुपारी फोडून, आणि माझ्या आजीचा पितळी अडकित्ता अजून माझ्या कपाटात आहे. पूजेतल्या सुपारीशी माझं भांडण नाही, ती देवापुढेच राहू द्या. मध्य प्रदेशानं २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली, तर टपरीवर सुपारीचा मसाला एका पाउचमध्ये आणि तंबाखू दुसऱ्यात मिळू लागला. ज्याला नुसता मसाला हवा त्याला पानवाला समजावतो, ‘भिया, इसमें तंबाकू नहीं है.’ तुमचे यजमान याच वाक्यावर इतकी वर्षं निर्धास्त होते.

आता तुकड्याचं. जागा बधिर करून चट्ट्याच्या सगळ्यात संशयी भागातून काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, एखाद-दुसरा टाका घालतात. जाऊबाईंचं म्हणणं मी शेकडो वेळा ऐकलंय. ते पडतं कसं, तर लोक घाबरून सहा महिने काढतात, गाठ मोठी झाल्यावर तपासायला जातात आणि वाढल्याचा आळ तपासणीवर येतो. तुकडा घेतल्यानं तोंडाचा कॅन्सर चिघळत नाही.

उशिराची एक गोष्ट माझ्याही खात्यावर आहे. एक शिक्षक होते. जिभेच्या कडेला व्रण, समोरच टोकदार दाढ. मी दाढ घासून गुळगुळीत केली आणि पंधरा दिवसांनी दाखवा म्हटलं. दात टोचून झालेला व्रण तेवढ्यात भरतो. नाही भरला तर तपासायचाच. ते आले नाहीत, मीही फोन केला नाही. आले ते सात महिन्यांनी, मानेत गाठ घेऊन. तेव्हापासून अशा प्रत्येकाचा नंबर आणि तारीख मी लाल शाईनं वहीत लिहू लागले आणि सोळाव्या दिवशी स्वतः फोन लावू लागले.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नसेल तर सुपारी बंद, तोंड उघडण्याचे व्यायाम, गरज पडली तर गालात इंजेक्शनं, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासणी. ताठरलेला गाल पूर्ववत होत नाही, पण वाढ थांबवता येते. पेशी बिघडायला लागल्या असतील तर तो चट्टा बहुधा काढून टाकतात. कॅन्सरच निघाला आणि दोन सेंटीमीटरच्या आतला असला तर पुष्कळदा ऑपरेशनवर भागतं. त्यात मानेतल्या लसिकाग्रंथीही (लिम्फ नोड) काढू म्हणाले तर दचकू नका. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूनं २०१५ मध्ये दाखवून दिलं, की सुरुवातीच्या कॅन्सरमध्येही त्या आधीच काढल्या तर जास्त रुग्ण वाचतात. आजार पुढे गेला असेल तर वर सहाएक आठवडे रेडिएशन, कधी केमोही.

सुपारी सुटत नसेल तर १८०० ११ २३५६ या सरकारी नंबरावर फुकट सल्ला मिळतो. तो तंबाखूसाठी आहे, पण सवय सोडवायची रीत तीच.

प्रश्न : दिवाळीच्या ऑफरमध्ये रक्ताच्या एकाच नमुन्यात ‘सगळ्या कॅन्सरची तपासणी’ मिळतेय. मी ४२ वर्षांची, तब्येत ठणठणीत. घेऊ का? सासूबाई ६८ वर्षांच्या, फक्त मिसरी लावतात, बाकी त्रास नाही.
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : नका घेऊ. त्यातले मार्कर, म्हणजे रक्तात मोजायच्या कॅन्सरच्या खुणा, बहुतेक करून आजार ठरल्यावर उपचार लागू पडतोय का ते बघायला असतात. धडधाकट माणसात ते उगाच वाढलेले दिसतात आणि पुढे स्कॅनची रांग लागते. उलट कॅन्सर असूनही नॉर्मल येऊ शकतात. तुमच्या वयाला मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि गर्भाशयमुखाची एचपीव्ही विषाणूची तपासणी, पैसे त्यावर घाला.

आणि तोंडाची तपासणी, टॉर्च आणि आरसा, पाच मिनिटं. केरळात आरोग्यसेवकांनी एवढंच केलं, तर तंबाखू-दारूवाल्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशानं घटले. जाताना सासूबाईंना सोबत न्या. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यांची हिरडी आधी दाखवा, तुमचं मागाहून बघतील.