कुटुंब घेऊन परदेशी जातेयस, तर आधी तारखा मांड

अगं, तू पाठवलेली शीट नीट वाचली, दोनदा वाचली. मेहनत घेतलीयस हे दिसतंय, भाडं, किराणा, बस, फोन, मुलांचे कपडे सगळं आहे आणि तळाला दर महिन्याला एवढे शिल्लक राहतील असा हिरवा आकडा. तो आकडा खोटा नाहीये, पण तो तिकडे जाऊन बस्तान बसल्यानंतरचा आहे. त्याआधीचे सहा-सात महिने तुझ्या शीटमध्ये नाहीतच, आणि बायकामुलं, नवरा, घरदार घेऊन जाणाऱ्यांची जी काही दमछाक होते ती नेमकी तिथेच होते. पगार चांगला असतो, हिशोबही बरोबर असतो, फक्त पैसे यायच्या आधीच जायला लागतात. हे तुला निघायच्या आधी कोणीतरी सांगायलाच हवं म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

एक कर. ती महिन्याच्या रकान्यांची शीट बाजूला ठेव आणि नवीन उघड. डाव्या बाजूला तारखा घाल, व्हिसाचा अर्ज भरणार त्या दिवसापासून ते पोचल्यानंतरच्या सहा महिन्यांपर्यंत, आठवड्याला एक ओळ. पुढे तीनच रकाने, किती गेले, किती आले, हातात किती राहिले. मग तिसरा रकाना वरून खाली वाचत जा. तो जिथे सगळ्यात खोल खड्ड्यात जातो ना, तेवढी रक्कम तुला निघायच्या आधी हातात हवी, आणि त्यावर थोडी जास्तच. बाकीचं बजेट त्यानंतर.

देश अजून पक्का नाही म्हणालीस म्हणून मी वेगवेगळ्या देशांची उदाहरणं देते, तू आपल्या ऑफरप्रमाणे बघ.

पहिल्या ओळीलाच मोठा आकडा येईल. लोकांना वाटतं खर्च विमानतळावर उतरल्यावर सुरू होतो. ब्रिटनमध्ये व्हिसाच्या फीशिवाय हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरायचे पैसे, वेगळा भरावा लागतो, फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पाउंड आणि १८ वर्षांखालच्या मुलाला ७७६ पाउंड झाला, आणि तो दर वर्षी भरायचा नसतो, जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचा एकदम, अर्ज करतानाच. नवरा-बायको, दोन मुलं आणि पाच वर्षांचा व्हिसा धर, १८,११० पाउंड होतात, आणि अजून एक बॅगसुद्धा भरलेली नाही! हेल्थ अँड केअर व्हिसावाल्यांना, म्हणजे डॉक्टर-नर्स वगैरेंना, हा सरचार्ज माफ आहे, आणि काही कंपन्या सगळ्यांचा भरतात, पण काही फक्त कर्मचाऱ्याचा भरतात आणि कुटुंबाचा तुमचा तुम्ही बघा म्हणतात. म्हणून एचआरला "व्हिसाचा खर्च कंपनी करते का" असं विचारू नकोस, "चौघांचा करते का, आणि थेट भरते की मी भरून नंतर क्लेम करायचा" असं विचार. क्लेम करायचा असेल तर ते पैसे तुझ्या खिशातून दोन-तीन महिने बाहेर असणार, ते तारखांच्या शीटमध्ये लगेच दिसतं आणि महिन्याच्या बजेटमध्ये कधीच दिसत नाही. रिलोकेशन अलाउन्स, म्हणजे तिकडे हलायच्या खर्चासाठी कंपनी देते ते पैसे, मिळणार असेल तर त्यावर टॅक्स कापून हातात किती येणार आणि किती वर्षांच्या आत नोकरी सोडली तर परत द्यावा लागणार, हेही लेखी घे. दाखले, अपोस्टिल (म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), भाषांतरं, मेडिकल हे खर्च एकेकटे लहान असतात, सगळे मिळून एक ओळ धर आणि पुढे चल.

आता पगार. तू एक तारखेला जॉइन होणार म्हणून शीटमध्ये त्याच महिन्याचा पूर्ण पगार धरलायस. बऱ्याच कंपन्यांत पगाराची यादी महिन्याच्या मध्यातच बंद होते, त्यानंतर कागद पोचले तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या शेवटी. शिवाय पगारासाठी तिकडचं बँक अकाउंट लागतं, अकाउंटसाठी पत्ता लागतो, पत्त्यासाठी घर लागतं, आणि घरमालक म्हणतो पगाराच्या स्लिपा दाखवा. या चक्रातून सगळेच जातात आणि बाहेरही पडतात, पण वेळ लागतो. पहिला पगार आठ आठवड्यांनी येणार असं धरूनच मांड, लवकर आला तर आनंदच आहे. आणि तो पहिला पगार कमीही असू शकतो, कारण टॅक्स नंबर वेळेत पोचला नाही तर जास्तीचा टॅक्स कापला जातो, जर्मनीत तर टॅक्सच्या सहा वर्गांपैकी सगळ्यात कडक म्हणजे सहाव्या वर्गाने कापणी होऊ शकते. ते पैसे नंतर परत मिळतात. पण भाडं नंतर देतो असं घरमालकाला सांगता येत नाही ना.

पगाराबद्दल अजून एक. ऑफर लेटरमधला आकडा कधीच बजेटमध्ये घालायचा नाही, हातात येणारा घालायचा, आणि तो तुमच्या कुटुंबाच्या हिशोबाने काढायचा. जर्मनीत एक कमावणारा आणि एक घरी असं जोडपं असेल तर टॅक्सचा तिसरा वर्ग घेता येतो, हातात बरेच जास्त येतात. ब्रिटनमध्ये नवरा-बायकोचा टॅक्स वेगवेगळा, तिथे एकाच पगारावर घर चालवलं म्हणून तशी मोठी सवलत नाही. सारख्याच पगाराच्या दोन ऑफर म्हणून सारख्या नसतात.

घरावर मात्र सावकाश बस, कारण सगळ्यात जास्त पैसे एकदम इथेच जातात. आधी तात्पुरती जागा, तिचं भाडं पक्क्या घरापेक्षा बरंच जास्त, मग पक्कं घर मिळतं तेव्हा दोन-तीन आठवडे दोन्हींचं भाडं भरावं लागतं, हे जवळजवळ सगळ्यांना लागतं, तर धरूनच ठेव. मग डिपॉझिट. इंग्लंडमध्ये वर्षाचं भाडं ५०,००० पाउंडच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. जर्मनीत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं कोरं भाडं, आणि कायद्याने ते तीन समान हप्त्यांत द्यायची मुभा आहे, हे कितीतरी भाडेकरूंना ठाऊकच नसतं आणि ते सगळं एकरकमी देऊन बसतात. दुबईकडे वर्षाचं भाडं एक, दोन किंवा चार चेकमध्ये द्यायची पद्धत आहे, जितके चेक कमी तितका घरमालक खूश. म्हणजे महिन्याचं भाडं परवडतंय एवढ्याने काम भागत नाही, तीन-सहा महिन्यांचं एकदम उचलता येतंय का ते बघायचं.

आणि कोरं भाडं म्हणजे काय तेही बघ. जर्मनीत काल्टमीटं आणि वार्ममीटं असे दोन आकडे असतात, पहिला म्हणजेच कोरं भाडं, त्यात नुसती जागा, दुसऱ्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे, आणि घरातली वीज बहुतेक वेळा त्यातही नाही. शिवाय वार्ममीटंमधला तो वरचा भाग अंदाजाने घेतलेला असतो, वर्षाचा हिशोब नंतर होतो आणि जास्त वापरलं तर फरक भरावा लागतो. ब्रिटनमध्ये काउन्सिल टॅक्स, म्हणजे तिथल्या पालिकेचा घरावरचा कर, राहणाऱ्याने भरायचा, घरमालकाने नाही. जाहिरातीत ही ओळ नसते.

जर्मनीतलं घर बघायला गेलीस तर स्वयंपाकघर म्हणून कित्येकदा नुसती खोली दाखवतात. भिंतीतून पाण्याचे दोन नळजोड बाहेर आलेले, शेगडीसाठी एक जाड वायर गुंडाळून ठेवलेली, फरशीवर आधीच्या कपाटांचे चौकोनी डाग, आणि छताला दिव्याच्या जागी वायरींची उघडी टोकं. आधीचा भाडेकरू आपलं किचन उचलून घेऊन गेलेला असतो, नाहीतर ते तुम्हाला विकायला तयार असतो. ओटा, सिंक, शेगडी, फ्रीज, दिवे, पडद्याचे दांडे सगळं तुमच्या पैशाने. तेव्हा घर "रिकामं" म्हणजे किती रिकामं हे करार करण्याआधी विचार, आणि पहिल्या महिन्यात घर लावायला किमान एका महिन्याचा हातात येणारा पगार बाजूला ठेव. सामान जहाजाने पाठवायचा विचार असेल तर विजेची उपकरणं नीट बघून घे, युरोपात २३० व्होल्ट आणि अमेरिकेत १२० व्होल्ट, मिक्सर-इस्त्री-हेअर ड्रायर न्यायचं भाडं भरून ते तिकडे चाललेच नाहीत तर काय उपयोग.

आरोग्य विम्याची तुझ्या शीटमध्ये एकच ओळ आहे. माणसं चार आहेत. जर्मनीच्या सरकारी विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं जादा हप्ता न भरता तुझ्याच विम्यात येतात. शेजारच्याच स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येकाचा विमा वेगळा, लहान मुलांचासुद्धा, आणि पोचल्यापासून तीन महिन्यांत घ्यायचा असला तरी हप्ता पहिल्या दिवसापासूनचा लागतो, म्हणजे तिसऱ्या महिन्यात घेतलास तर तीन महिन्यांचे चौघांचे हप्ते एकदम. अमेरिकेत हप्त्याशिवाय डिडक्टिबल बघायचं, म्हणजे विमा कंपनी बहुतेक खर्चात हात घालायच्या आधी तू स्वतः किती भरायचे. आणि ते प्लॅनचं वर्ष बदललं की परत शून्यापासून सुरू होतं, बऱ्याच कंपन्यांचं ते वर्ष जानेवारीत बदलतं. नोव्हेंबरमध्ये पोचलीस, मुलं नव्या हवेत आजारी पडली, तर दोन महिन्यांत दोन वर्षांची डिडक्टिबल भरायची पाळी येऊ शकते. चश्मे आणि दात इथेच उरकून घ्या सगळ्यांनी, खरंच सांगते.

मुलांचं बघताना वय बघ. मोठीची शाळा सरकारी असेल तर युरोपात फीचा प्रश्न सहसा येत नाही, पण आखाती देशात पगारावर इन्कम टॅक्स नाही म्हणून जो आनंद होतो तो शाळेच्या फीमध्ये बराचसा जातो, तिथे बाहेरून आलेल्यांची मुलं बहुतेक खासगी शाळांतच जातात. धाकट्याचा खर्च मात्र कितीतरी देशांत मोठीपेक्षा जास्त, कारण पाळणाघर. आणि यावर तुमच्या घरातला दुसरा पगार टांगलेला आहे. तुझ्या शीटमध्ये नवऱ्याचा पगार चौथ्या महिन्यापासून धरलायस, तो काढून टाक. त्याच्या व्हिसावर काम करता येतं का, पाळणाघरात जागा कधी मिळते, भाषा लागते का, हे सगळं जुळून आल्यावर त्याची नोकरी, आणि नोकरी लागली तरी पाळणाघराचं बिल वजा करून उरतात किती ते बघायचं. पहिलं वर्ष एकाच पगारावर निघत असेल तरच जा. हे माझं अगदी स्पष्ट मत आहे. चौघं परदेशात, पैसा कमी पडतोय आणि दोघांपैकी एक जण आपल्यामुळे हे झालं असं मनात धरून घरात बसलाय, ही वेळ कोणावर येऊ नये.

मग चलन. मागे राहिलेले खर्च, म्हणजे कर्जाचा हप्ता, आईवडिलांचं औषधपाणी, विम्याचे हप्ते, हे घरच्या चलनात आहेत आणि तू कमावणार तिकडच्या चलनात. दर कायम राहणार असं धरून कोणी बजेट करू नये. १५ जानेवारी २०१५ ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोला १.२० फ्रँकची धरून ठेवलेली मर्यादा अचानक सोडली आणि काही मिनिटांत फ्रँक उसळला, पोलंडमध्ये फ्रँकमध्ये घरकर्ज घेतलेल्यांचं कर्ज एका सकाळीत वाढलं. २४ जून २०१६ ला ब्रेक्झिटचा निकाल आला आणि पाउंड एका दिवसात डॉलरच्या तुलनेत साधारण ८ टक्के पडला. तर घरी पाठवायच्या रकमेवर दहा टक्के जास्त धर, आणि निदान सहा महिन्यांचे हप्ते निघण्याआधीच घरच्या अकाउंटला ठेवून जा. पैसे पाठवताना "शून्य फी" वाचून भुलू नकोस, फी दरात लपवलेली असते, समोरच्याच्या हातात शेवटी किती पडणार तेवढंच दोन ठिकाणी तुलना करून बघ. आणि तिकडच्या दुकानात घरचंच कार्ड वापरलंस की मशीन विचारतं, तुमच्या चलनात घेऊ का इथल्या, तेव्हा कायम तिथलंच चलन निवड, घरचं निवडलं की बहुतेक वेळा ते आपला महाग दर लावतात.

किराण्याचे आकडे तू नंबेओ या शहरांचे भाव देणाऱ्या साइटवरून घेतलेत, सुरुवातीला ठीक आहे, पण ते लोकांनीच भरलेले सरासरी आकडे असतात, तुमच्या घराचे नाहीत. त्यापेक्षा ज्या गावात जाणार तिथल्या सुपरमार्केटच्या साइटवर तुमच्या घरची एका आठवड्याची खरी यादी टाकून बघ, दूध, तांदूळ, भाज्या, डायपर सगळं, चेकआउटपर्यंत जा आणि बेरीज लिहून घे. तासाभराचं काम आहे, आणि भाव घरच्या चलनात गुणून बघू नकोस, हातात येणाऱ्या पगाराचे किती टक्के हे बघ, नाहीतर पहिले काही महिने मुलांना फळं घेतानासुद्धा हात आखडेल.

परतीच्या चार तिकिटांचे पैसे वेगळ्या अकाउंटला ठेव आणि त्यांना विसरून जा. ते इमर्जन्सीच्या पैशात मोजायचे नाहीत, नोकरी गेली किंवा घरी कोणाचं काही झालं तर तेव्हा तिकिटाच्या भावावर विचार करायची वेळ येता कामा नये.

आणि पोचल्यावर नवऱ्याचं अकाउंट आणि कार्ड तुझ्याबरोबरच काढ, जमलं तर भाडेकरारावर दोघांची नावं घाल. पहिलं वर्ष दिवसभर मुलांबरोबर तोच असणार, डॉक्टर, शाळेची ट्रिप, बसचा पास, पावसाळी बूट सगळं त्याच्याच हातून होणार, त्याला दर वेळी तुझ्याकडे मागायला लागू नये. त्याच्या स्वतःच्या खर्चाची एक ठरलेली रक्कम शीटमध्ये वेगळ्या ओळीत घाल, तेवढीच तुझीही घाल, आणि त्या दोन ओळींचा हिशोब एकमेकांना विचारू नका.