बैलालाही एक दिवस जू नसतं

ताई, मी सेलू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. वय ४१, दोन मुलं, घरी सासूबाई. सुट्टी लागल्यावर ह्यांना म्हटलं, एक दिवस मी पलंगावरून उठणार नाही. हे हो म्हणाले. नऊपर्यंत लोळले. मग सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "बरं नाही का? मंग काहून निजलीस?" उठले आणि घरातले सगळे पडदे धुवून टाकले. रात्री रडू आलं. नुसतं पडून राहणं मला का जमत नाही? आणि पडून करायचं तरी काय?
— पडदेवाली

पडदेवाली,

पडदे तासाभरात वाळले असतील. परभणीकडचं मे महिन्याचं ऊन कुणाचं काम अडू देत नाही.

आपल्याकडं दिवसाढवळ्या अंथरुणावर दोघीच दिसतात, आजारी आणि बाळंतीण. तू त्यातली नव्हतीस म्हणून सासूबाईंनी विचारलं. मला तरी त्यात टोमणा दिसत नाही. माझ्या सासूबाईंना दिवसा आडवं झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांचा पाय मोडला तेव्हा. आठव्या दिवशी त्या हळूच म्हणाल्या, "निजून बरं वाटायलं गं." आणि लगेच दाराकडं बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून.

तुझी चूक सकाळी नऊला झाली नाही, आदल्या संध्याकाळी झाली. पोळ्याचं आठव. आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाचे खांदे गरम पाण्यानं शेकतात, तूप-हळदीनं मळतात, कानात सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी मानेवर जू नाही. त्या दिवशी बैलाला कुणी विचारत नाही, बरं नाही का म्हणून. कारण सगळ्या घराला आधीच ठाऊक असतं. तू फक्त नवऱ्याला सांगितलंस.

म्हणून आदल्या रात्री जेवताना सगळ्यांसमोर सांग. डोकं दुखतंय असलं काही सांगू नकोस, पुढच्या वेळी पुन्हा डोकं दुखवावं लागेल. "उद्या मी पडून राहणार आहे," बस्स. आणि नळाला पाणी येण्याचा दिवस चुकूनही निवडू नकोस. पहाटे हंडे वाजले की तू उठणारच. दूधवाला कोण बघणार, कूलरमध्ये पाणी कोण भरणार, हे रात्रीच ठरव. झोपताना मुलीला तळपायांना काशाच्या वाटीनं तेल चोळायला सांग. तुझी खांदेमळणी ती.

पलंग पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल तर सरकवून घे, दुपारी ती भिंत तापते. (माळवदाच्या, म्हणजे मातीच्या धाब्याच्या घरात हे सांगावं लागत नव्हतं. स्लॅब मात्र रात्री अकरापर्यंत आग ओकतो.) कूलर लावलास तर समोरची खिडकी थोडी उघडी ठेव, नाहीतर ओल कोंडून चादर चिकचिकते. उशाशी पाण्याचा तांब्या, लोणी न काढलेलं ताक, आणि एकच पुस्तक. चार घेतलीस की त्याचाही अभ्यासक्रम होतो.

फोन दुसऱ्या खोलीत. शाळेच्या गटावर सुट्टीतसुद्धा "माहिती आजच सादर करावी" येतं, हे मला सांगू नकोस, माझी बहीण शिक्षिका होती. गाणी ऐकायची तर रेडिओ बरा. आकाशवाणीचं परभणी केंद्र लाव. पुढचं गाणं कोणतं हे आपण ठरवायचं नसतं, तेवढाच डोक्याला आराम.

बाकी काय करायचं? काहीच नाही केलंस तरी चालेल, पण पहिले दोन तास अवघड जातात. कान स्वयंपाकघरात असतात. दूध उतू गेल्याचा वास येईल. जाऊ दे. मुलीला जवळ बोलाव, केसांना तेल लावून घे, पलंगावरच सागरगोटे खेळा. जुन्या फोटोंचा डबा काढ, पण लावत बसू नकोस, नुसते बघ. दुपारी झोप आली तर झोप. आयुर्वेद एरवी दिवसाच्या झोपेला नाही म्हणतो, पण उन्हाळ्यात मुभा देतो, हे सासूबाईंनाही सांग. फक्त तीनच्या आत ऊठ, नाहीतर डोकं जड होतं आणि रात्रीची झोप जाते. आणि दिवसभर एका कुशीवर राहू नकोस, तासा-दीड तासानं उठून खोलीत चार पावलं टाक, पाय आखडत नाहीत.

एक वेगळं. दिवसभर पडूनही दुसऱ्या दिवशी तसाच थकवा राहिला, जिना चढताना धाप लागली, तर सुट्टीतच हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. मग ते मन रमवण्याचं काम राहत नाही.

सासूबाईंना तुझ्याशेजारी दुसरी बाज टाकून दे. येतील की नाही सांगता येत नाही. आल्या तर गप्पा मारू नकोस, त्याही पडल्या आहेत.

जेवणाचं म्हणशील तर ह्यांना मुरमुऱ्यांचा सुशीला करायला सांग, त्याला पोळ्या लाटायला लागत नाहीत. मुरमुरे भिजवून लगेच निथळायचे, नाहीतर लगदा होतो. हे मात्र आदल्या रात्रीच सांगून ठेव. पलंगावरून ओरडून सांगायचं नाही.