पेशीची वाटणी पुरी होऊ दे, मग बोल

प्रिय पोरी,

तुझा मेल दोनदा वाचला, पहिल्यांदा काळजीने आणि दुसऱ्यांदा जरा चिडून, खरं सांगते. फिक्स केलेल्या स्लाइडवर तुला जादा सेंट्रोसोम (गुणसूत्रं ओढणाऱ्या धाग्यांची टोकं धरणारे बिंदू) दिसले, तीन टोकांचा स्पिंडल (त्या धाग्यांची चौकट, एरवी दोन टोकांची) दिसला, गुणसूत्रं तीन दिशांना ओढली जातायत असं दिसलं आणि तू लिहून मोकळी झालीस की ही पेशी तीन तुकड्यांत फुटते आणि त्यातूनच कॅन्सर होतो. आता लाइव्ह इमेजिंगमध्ये, म्हणजे जिवंत पेशींच्या फिल्ममध्ये, तशाच पेशींच्या बहुतेक वेळा दोनच होतायत, म्हणून तुला वाटतंय सगळं काम पाण्यात गेलं. अगं, पाण्यात कसलं, आत्ता कुठे सुरू झालंय!

माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी परत परत सांगणार आहे, कंटाळलीस तरी. पेशीची वाटणी पुरी होऊ दे, मग बोल.

फिक्स केलेली पेशी म्हणजे मधेच थांबवलेली पेशी, पुढे ती काय करणार होती ते तिच्या फोटोत नसतं. तुझी पाठवलेली फिल्म मी हळू करून बघितली. सुरुवातीला तीन टोकं स्वच्छ दिसतात, मग त्यातली दोन सरकत सरकत जवळ येतात आणि एक होतात, गुणसूत्रं मधोमध रांगेत लागतात, अॅनाफेज, म्हणजे गुणसूत्रं दोन्हीकडे ओढली जाण्याचा टप्पा, सुरू होतो, आणि तिथे तू फिल्म बघणं थांबवलंस ना? दोन पेशी झाल्या म्हणजे सगळं ठीक झालं असं धरून? पुढच्या फ्रेम बघ. एक गुणसूत्र मागे रेंगाळलंय. बाकीची दोन्हीकडे पोचली तरी ते मधेच आहे, आणि शेवटी मुख्य केंद्रकाच्या बाहेर त्याचं वेगळं छोटं केंद्रक बनतं. तू शोधतेयस तो आजार तिथे आहे पोरी, तीन टोकांच्या देखण्या फोटोत नाही.

कारण असं की तीन टोकं असतात तेवढ्या वेळात एखाद्या गुणसूत्राचा एकच किनेटोकोर (धागे जिथे पकडतात ती गुणसूत्रावरची जागा) दोन वेगवेगळ्या टोकांकडून आलेल्या मायक्रोट्यूब्यूलच्या, म्हणजे स्पिंडलच्या धाग्यांच्या, हातात सापडतो. मग केआयएफसी१ सारखी मोटर प्रथिनं जादा सेंट्रोसोम गोळा करून दोन टोकं करतात, पण ती चुकीची पकड तशीच राहू शकते. आणि चेकपॉइंट, म्हणजे वाटणी पुढे जाऊ द्यायची का ते ठरवणारा पेशीतला पहारा, काय बघतो, तर किनेटोकोर मोकळा आहे का. १९९५ मध्ये लेझरने शेवटचा न जोडलेला किनेटोकोर उडवला तर थांबलेली पेशी अॅनाफेजमध्ये गेली, इतका तो एका मोकळ्या किनेटोकोरवर अडून बसतो. पण इथे मोकळं कोणीच नाही, चुकीचं का होईना पकडलेलं आहे, म्हणून तो जाऊ देतो आणि मग दोन्हीकडून रस्सीखेच होऊन ते गुणसूत्र मागे पडतं. हे २००९ मध्ये लोकांना कळलं ते जिवंत पेशी शेवटपर्यंत बघत बसले म्हणूनच, आणि तेव्हाच हेही दिसलं की खरोखर तीन-चार तुकड्यांत फुटलेल्या पेशींची पिल्लं बहुतेक मरतात. मेलेली पेशी गाठ कशी करेल, सांग बरं?

म्हणजे तुझी शंका चूक नव्हतीच. पीएलके४ हे सेंट्रोसोमची संख्या ठरवणारं प्रथिन वाढवून जादा सेंट्रोसोम केले तर उंदरांत गाठी होतात हे २०१७ मध्ये दाखवलंय. चूक आहे ती मधला रस्ता न बघता शेवट लिहून टाकण्यात. आणि तू बोव्हेरीचं, त्या जुन्या जर्मन जीवशास्त्रज्ञाचं, नाव मेलमध्ये आधारासाठी घेतलंस म्हणून सांगते, त्याने नुसती चार टोकं बघून कॅन्सरबद्दल लिहिलं नाही. दोन शुक्राणू शिरलेली सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याची अंडी चार पेशींत फुटली की तो त्या पेशी सुट्या करून वाढवायचा आणि कुठलीचं काय होतं ते बघायचा, कॅन्सरवरचं पुस्तक त्यानंतर, १९१४ मध्ये. त्याच्याकडे ना फ्लुरोसन्सचे चमकते रंग होते ना कॅमेऱ्याची ही चैन, तरी वाटणी पुरी होऊ दिली त्याने.

टॅक्सॉल या कॅन्सरच्या औषधाचंही तेच झालं. आम्ही वर्षानुवर्षं शिकलो आणि शिकवलं की ते पेशीला विभाजनात अडकवून मारतं, डिशमध्ये जास्त डोस दिला की तसंच दिसतं. २०१४ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटच्या गाठी तपासल्या तर तिथे औषध इतकं कमी पोचत होतं की पेशी अडकत नव्हत्या, अनेक टोकांनी वाटणी करून मरत होत्या. तीच जास्तीची टोकं इथे उपचाराच्या बाजूने!

मला माहितीये तुझे सर काय म्हणतायत, फोटो छान आलेत, छापून टाक. मलाही हेच सांगितलं होतं आणि मी नाही छापले. बरोबरीचे पुढे गेले, माझं काम मागे पडलं, हट्टी म्हणून नाव झालं ते आजतागायत. रुखरुख आहे, नाही कशाला म्हणू, तेव्हा पाठीशी उभं राहणारं एक माणूस असतं तर बरं झालं असतं. पण तेव्हा छापलं असतं तर माझ्या नावावर एक खोटं वाक्य कायमचं राहिलं असतं, आणि ते मला आजही चाललं नसतं. म्हणून तुझ्यावर ओरडतेय, कळतंय ना?

आता कामाचं. फिल्म घेतानाचा लेझर कमी कर, उजेडानेच पेशी बिघडतात आणि मग तू उजेडाचा परिणाम सेंट्रोसोमच्या नावावर लिहिशील. शेजारी लेझर न लावलेल्या पेशी ठेव आणि त्यांचं विभाजन तेवढ्याच वेळात होतंय का ते आधी बघ. खुणेच्या ग्रिडची डिश घे, फिल्म संपली की तीच डिश फिक्स कर आणि सेंट्रिन (सेंट्रोसोमसाठी), ट्यूब्युलिन (धाग्यांसाठी) आणि किनेटोकोर रंगवून तीच पेशी शोध, म्हणजे ते रेंगाळलेलं गुणसूत्र कुणाच्या ताब्यात होतं ते दिसेल. आणि दोन पेशी झाल्यावर रेकॉर्डिंग बंद करू नकोस, त्यांची पुढची वाटणीही बघायचीये. फाइल कच्चीच पाठव, क्रॉप न करता, कडेच्या पेशींसकट.

तुझी,
मावशी