गोड-तिखट चिकन राइस बाउल घरी झटपट कसा करावा? चिकनला पाणी सुटते आणि सॉस जळतो.

तुम्ही लिहिले आहे की पुण्यात भाड्याच्या घरात एकटे राहता, रात्री आठच्या सुमारास कामावरून परतता, स्वयंपाकघरात एकच शेगडी, एक लहान कुकर आणि एक लोखंडी कढई आहे, आणि अर्ध्या-पाऊण तासात हा पदार्थ करायचा प्रयत्न दोनदा फसला आहे: पहिल्या वेळी चिकनला इतके पाणी सुटले की ते भाजले न जाता उकडले गेले, आणि दुसऱ्या वेळी मध लावून मुरवलेले चिकन कढईला चिकटून कडू झाले. कर्वेनगरमध्ये विद्यार्थी म्हणून राहत असताना माझ्याकडूनही नेमक्या याच दोन चुका झाल्या होत्या. म्हणून इतके खात्रीने सांगतो की तुमच्या साहित्यात काही उणे नाही, फक्त क्रम बदलावा लागेल. चिकन कोरडे असावे, कढई आधी तापलेली असावी आणि गोड घटक अगदी शेवटी पडावा.

पाण्याचे कारण आधी पाहू. मांसाच्या पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही, आणि ज्या तांबूस रंगामुळे व खमंग वासामुळे भाजलेले चिकन भाजलेले वाटते, तो रंग साधारण १४० अंशांच्या आसपास झपाट्याने धरू लागतो. सगळे तुकडे एकदम कढईत टाकले की कढई थंड होते, तुकड्यांतून सुटलेले पाणी तळाशी साचते आणि मग कितीही वेळ परतले तरी रंग येत नाही. जळण्याचे कारण याच्या बरोबर उलट आहे. मधात फ्रुक्टोज नावाची साखर भरपूर असते आणि ती ११० अंशांच्या आसपासच करपण्याच्या वाटेला लागते, त्यामुळे चिकनला रंग येण्यासाठी जेवढी आच लागते तेवढ्या आचेवर मध टिकत नाही. मधात मुरवलेले चिकन मोठ्या आचेवर भाजणे म्हणूनच जमत नाही, आणि मंद आचेवर भाजायला गेल्यास पुन्हा पाणी सुटते.

दुकानात नुसते ‘बोनलेस’ मागितले तर बहुतेक वेळा छातीचे मांस मिळते. त्याऐवजी ‘लेग बोनलेस’ मागावे. मांडीच्या मांसात चरबी थोडी अधिक असते, त्यामुळे दोन मिनिटे जास्त शिजले तरी ते कोरडे पडत नाही, आणि घाईच्या स्वयंपाकात ही सवलत फार मोलाची ठरते. दोन जणांना, किंवा तुमच्या रात्रीच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्याला, ३०० ग्रॅम पुरते. आपल्याकडे चिकन नळाखाली खळखळून धुण्याची पद्धत आहे, पण त्या पाण्याच्या शिंतोड्यांतून जंतू ओट्यावर आणि भांड्यांवर पसरतात, आणि ते मरतात शिजवताना, धुताना नव्हे. न धुता मन मानत नसेल तर पातेल्यात अलगद धुवावे आणि लगेच कागदी रुमालाने अगदी कोरडे टिपून घ्यावे. मग अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे करून त्यांना पाव चमचा मीठ, थोडी मिरपूड आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर चोळावे. कॉर्नफ्लोअर उरलेला ओलावा शोषून घेते आणि पुढे सॉस त्यालाच धरून राहतो, म्हणून सॉसमध्ये ते वेगळे घालण्याची गरज नाही.

तांदळाबाबत माझे मत ठाम आहे: या पदार्थाला बासमती नको, इंद्रायणी हवा. भाताच्या वाडग्यावर मांस आणि सॉस घालून खाण्याची ही रीत जपानमधील ‘दोनबुरी’शी नाते सांगते, आणि तिथला तांदूळ आखूड व चिकट असतो. बासमतीच्या सुट्या शितांवरून सॉस ओघळून तळाशी जातो, इंद्रायणीचा मऊ, किंचित चिकट भात तो धरून ठेवतो. हे वाण आपल्या जवळचेच आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ते तयार झाले आणि १९८७ मध्ये प्रसारित झाले, म्हणून त्याला आंबेमोहोराच्या वासाची आठवण करून देणारा सौम्य सुगंधही आहे. एक वाटी तांदूळ दोनदा हलक्या हाताने धुऊन, पावणेदोन वाट्या पाणी घालून, मध्यम आचेवर कुकरच्या दोन शिट्ट्या कराव्यात. तुमच्याकडे एकच शेगडी असल्यामुळे भात आधी लावावा आणि कुकर उतरवून बंदच ठेवावा. वाफ जिरेपर्यंत भात मुरतो, चिकन होईपर्यंत गरम राहतो आणि शेगडी मोकळी होते. चिकन कापण्याचे आणि सॉस कालवण्याचे काम शिट्ट्या होईपर्यंत उरकते.

आता सॉस. मी मधाऐवजी काकवी वापरतो, आणि एकदा काकवीची सवय झाल्यावर या पदार्थात मध घालावासा वाटला नाही. उसाचा रस आटवताना गूळ बांधण्याच्या आधीची ती पातळ अवस्था असल्यामुळे तिला नुसती गोडी नसते, तर खोल, किंचित धुरकट चव असते आणि सोया सॉसच्या खारटपणाला ती चव फार चांगली पेलते. काकवी नसेल तर तेवढाच किसलेला गूळ चमचाभर गरम पाण्यात विरघळवून घ्यावा. एका वाटीत दोन मोठे चमचे सोया सॉस, दोन मोठे चमचे काकवी, एक मोठा चमचा व्हिनेगर आणि तीन मोठे चमचे पाणी एकत्र करावे. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते, तेव्हा भातात मीठ मुळीच घालू नये. तिखटासाठी दीड चहाचा चमचा ब्याडगी मिरचीची पूड आणि पाव ते अर्धा चमचा लवंगी किंवा संकेश्वरी मिरचीची पूड वेगळी काढून ठेवावी, कारण ब्याडगी रंग देते पण तिचा तिखटपणा सौम्य असतो, आणि जिभेला झणका देण्याचे काम दुसऱ्या मिरचीला करावे लागते. घरात कांदा-लसूण मसाल्याची बरणी असली की तो घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. त्यातील खोबरे आणि गरम मसाले सॉसची तकाकी घालवतात आणि पदार्थ रश्श्याच्या दिशेने जातो.

कुकर उतरवल्यावर कढई मोठ्या आचेवर दोन मिनिटे कोरडी तापवावी, मग दोन मोठे चमचे शेंगदाणा तेल घालावे आणि चिकनचे निम्मेच तुकडे एकमेकांना न चिकटता पसरावेत. त्यानंतर तीन मिनिटे त्यांना हात लावू नये. ही तीन मिनिटे सर्वात अवघड जातात, कारण आपला हात सतत परतण्याला सरावलेला असतो, पण तुकडा तळाशी तांबूस झाला की तो स्वतःहून सुटतो आणि त्याआधी हलवला तर फाटतो. पलटून आणखी दोन-तीन मिनिटे भाजावे, ताटलीत काढावे आणि दुसरा निम्मा भाग तसाच करावा. सर्वात मोठा तुकडा कापून पाहावा. आत गुलाबी छटा नसावी आणि रस स्वच्छ निघावा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आतील तापमान ७४ अंश झालेले असावे.

आच मध्यम करून त्याच कढईत, लागल्यास चमचाभर तेल घालून, सात-आठ पाकळ्या ठेचलेला लसूण आणि इंचभर किसलेले आले अर्धा मिनिट परतावे. मग गॅस बंद करून मिरचीपूड घालावी, एकदा ढवळावे आणि क्षणाचाही विलंब न करता वाटीतील सॉस ओतावा, म्हणजे मिरची करपत नाही. गॅस पुन्हा मंद सुरू करावा. सॉसमध्ये पाणी असेपर्यंत काकवी जळत नाही, पण पाणी आटत गेले की तापमान झरझर वाढते, म्हणून इथे नजर हटू देऊ नये. बारीक बुडबुडे मोठे आणि संथ झाले की चिकन परत घालून मिनिटभर घोळवावे आणि प्रत्येक तुकडा चकाकू लागला की गॅस बंद करावा. व्हिनेगर आणि लोखंड यांचे जमत नाही, तेव्हा पदार्थ कढईत न ठेवता लगेच भातावर काढावा.

सोबत काकडीच्या चकत्या मीठ आणि थोडे व्हिनेगर लावून ठेवाव्यात. त्या गोडीचा जडपणा कमी करतात. वरून कांद्याची पात आणि भाजलेले तीळ भुरभुरावेत.

भात उरला तर सकाळच्या फोडणीच्या भातासाठी तो रात्रभर ओट्यावर ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे, ती कृपया पाळू नका. भातात बॅसिलस सिरीयस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजल्यानंतरही जिवंत राहू शकतात, उबदार हवेत ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. भात ताटात पसरून निववावा, दोन तासांच्या आत चिकनपासून वेगळ्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून चांगली वाफ येईपर्यंत एकदाच गरम करावा. चिकनही तसेच झाकण ठेवून मंद आचेवर चमचाभर पाण्यात गरम करावे, कारण त्यातील काकवी आता आटलेली असते आणि कोरड्या कढईत ती लगेच लागते.