तो कंडेन्सर आत्ता काढू नका

पुण्याच्या एका गिटारिस्टचा प्रश्न आलाय. फ्रिज, इन्व्हर्टर, मिक्सरचे असेच ढीगभर येतात, फक्त वस्तू बदलते. यांच्या ट्यूब अँपला स्पीकरऐवजी लावायच्या लोड बॉक्समधला कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटर) फुगला, डीलर म्हणाला पार्ट बाहेरून यायला तीन महिने लागतील, यांना धीर नव्हता, ओळखीच्या रिपेअरवाल्याकडून लोकल टाकून घेतला आणि आठवड्यात अँपचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला. आता विचारतायत डीलरवर केस करू का, आणि बॉक्समध्ये नवा कंडेन्सर कुठला बसवू.

आत्ता कुठलाच बसवू नका. तो जो आत बसलाय ना, तोच तुमचा साक्षीदार आहे.

डीलरचं म्हणाल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ८७ बघा. नुकसान झालं त्या वेळी वस्तूत फेरफार झालेला असेल तर विक्रेत्यावर प्रॉडक्ट लायबिलिटीचा, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा, दावा चालत नाही. 'त्या वेळी' या दोन शब्दांवर सगळं अडतं. अँप आधी जळून कंडेन्सर नंतर बदलला असता तर मी वेगळं बोललो असतो. मूळ कंडेन्सर वॉरंटीत फुगला असेल तर बॉक्सपुरती तक्रार कदाचित उभी राहील, पण अँपची भरपाई डीलरकडून मिळेल असं मला वाटत नाही.

राहिला रिपेअरवाला, म्हणजे सेवेतली त्रुटी. तुम्ही पाठवलेला फोटो मी एका ऑडिओ टेक्निशियनला दाखवला, तो बघताक्षणी म्हणाला अहो यावर मायनसची पट्टी आहे, हा पोलराइज्ड आहे, म्हणजे प्लस-मायनस ठरलेला, इथून एसी जातो, इथे नॉन-पोलरच लागतो, व्हॅल्यू मूळची तीच हवी नाहीतर रेझोनन्स सरकतो आणि व्होल्टेजला भरपूर मोकळीक हवी, कारण ८ ओमवर १०० वॅट म्हणजे २८ व्होल्ट आणि शिखराला ४०. यांच्याकडे बसवलाय २५ चा! पण त्यानेच असंही सांगितलं की अशा बॉक्समध्ये बहुतेक वेळा कॉइल आणि कंडेन्सर समांतर असतात, त्यामुळे कंडेन्सर गेला म्हणून लोड पूर्ण तुटतोच असं नाही, आणि ट्यूब अँपचा ट्रान्सफॉर्मर जळतो तो लोड तुटल्यावर. समोरचा वकील नेमकं हेच धरेल, वर ट्यूबा जुन्या होत्या म्हणेल. म्हणून तज्ज्ञाचा लेखी रिपोर्ट हवा. कलम ३८ खाली ग्राहक आयोग वस्तू सील करून लॅबला पाठवू शकतो, पण तुम्ही आतला भाग आधीच बदलला असेल तर लॅब काय डोंबल तपासणार?

आणि बिल का नाही घेतलं हो? ओळखीचा म्हणून. आता यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपा, फोन बदलण्याआधी काढून ठेवा. मुदत कलम ६९ प्रमाणे दोन वर्षं, तुमची अडीच महिन्यात संपतेय. 'बघतो, करून देतो' असे त्याचे मेसेज येत राहिले म्हणून ती वाढत नाही. उशीर माफ करायचा अर्ज असतो, पण त्याला सबळ कारण लागतं, त्याच्या भरवशावर राहू नका. कायदा म्हणतो तीन महिन्यात निकाल, तपासणी लागली तर पाच. वाचून मला हसू येतं, पण तक्रार वेळेत टाकणं तरी आपल्या हातात आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कार्यक्रम करूनच पोट भरत असाल तर तसं तक्रारीत स्पष्ट लिहा, नाहीतर धंद्यासाठी घेतलं म्हणून ग्राहकच नाही असा आक्षेप येईल.

नोटीस गेल्यावर रिपेअरवाला फोन करेल, बॉक्स आणून द्या, फुकटात बरोबर कंडेन्सर टाकून देतो म्हणेल. देऊ नका.