माध्यमिक पट : तुलना कुठे फसते?

प्रश्न : दक्षिण आशियातल्या देशांच्या माध्यमिक पटनोंदणीचा तक्ता करतो आहे. भारताचा आकडा ‘यूडायस प्लस’ या सरकारी शालेय माहिती प्रणालीतून घेतला, बाकीचे युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेकडून. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. यूडायसमध्ये ‘माध्यमिक’ म्हणजे पूर्वी फक्त नववी-दहावी असायचं, अलीकडच्या अहवालांत नववी ते बारावी. युनेस्कोच्या ‘आयसेड’ वर्गीकरणात भारताचं माध्यमिक शिक्षण सहावीला सुरू होऊन बारावीला संपतं. आपण ज्याला उच्च प्राथमिक म्हणतो ते सहावी ते आठवी तिथे स्तर २, आणि नववी ते बारावी स्तर ३. नेपाळ नववीपासून पुढे माध्यमिक म्हणतो, श्रीलंकेत शाळा तेरावीपर्यंत चालते. नावं सारखी, वर्ग वेगळे. म्हणून सगळे देश एकाच स्रोतातून घ्या आणि स्तर २ व ३ चे रकाने वेगळे ठेवा. एकत्र आकडा हवाच असेल, तर दोन टक्केवाऱ्यांची सरासरी काढू नका. समजा, स्तर २ च्या वयाची ३०० मुलं आणि पट ९५ टक्के, स्तर ३ ची ४०० आणि पट ६० टक्के. पटावर २८५ अधिक २४०, म्हणजे ७०० पैकी ५२५. उत्तर ७५ टक्के. नुसती सरासरी ७७.५ दाखवते.

आकडे एकाच दिवशी उतरवून घ्या. छेदात त्या वयाच्या मुलांची संख्या असते आणि ती संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या अंदाजांवरून येते. अंदाज सुधारले की जुन्या वर्षांची टक्केवारीही हलते.

प्रश्न : ढोबळ प्रमाण (जीईआर) घ्यावं की निव्वळ (एनईआर)? आणि १०० वजा एनईआर म्हणजे शाळाबाह्य मुलं, बरोबर?

उत्तर : पहिल्याचं उत्तर : दोन्ही, शेजारी शेजारी. जीईआरमध्ये पटावरची सगळी मुलं मोजतात, एनईआरमध्ये फक्त त्या स्तराच्या वयाची; छेद दोन्हीकडे त्या वयाच्या एकूण मुलांचा. माध्यमिक वयाची १००० मुलं आहेत आणि माध्यमिकच्या पटावर ८६०, पण त्यातली १३० वयाबाहेरची (बहुतेक नापास होऊन मागे राहिलेली किंवा उशिरा दाखल झालेली) असं धरा. जीईआर ८६, एनईआर ७३. जीईआर शंभराच्या वर गेला तरी दचकू नका, कारण हेच. या दोन आकड्यांतली दरी मोठी असेल तर मुलं वर्गात अडकून पडत आहेत, हे कळतं. एकट्या आकड्यातून ते दिसत नाही.

दुसरं मात्र चूक, आणि फार सर्रास होणारी. उरलेल्या २७० पैकी ९० अजून चौथी-पाचवीत असतील, तर शाळाबाह्य १८०, म्हणजे १८ टक्के, २७ नव्हे.

प्रश्न : प्रदेशाची सरासरी कशी द्यावी?

उत्तर : शक्यतो देऊच नका. लोकसंख्येनुसार भार दिला की ती जवळपास भारताचीच होते, न दिला तर मालदीव आणि भारत एका मापात बसतात. देशांची यादीही तपासा : संयुक्त राष्ट्रांच्या ‘दक्षिण आशिया’त इराण येतो, जागतिक बँकेच्या नाही. वर्ष लिहितानाही जपा. युनेस्को २०२२-२३ हे शालेय वर्ष २०२३ खाली मांडते. मुलींचा रकाना वेगळा हवाच. बांगलादेशात १९९४ पासून माध्यमिकच्या मुलींना विद्यावेतन मिळू लागलं आणि तिथे आता पटावर मुली मुलांपेक्षा जास्त आहेत. उलट अफगाणिस्तानात सप्टेंबर २०२१ पासून सहावीनंतरच्या वर्गांत मुलींना बंदी आहे. त्यामुळे तिथला २०१८ चा आकडा ‘उपलब्ध ताजा आकडा’ म्हणून २०२३ च्या रकान्यात टाकू नका, तो रकाना रिकामा सोडा.